‘डीएनए जागृती’ शिबिराचे परीक्षण: काय पटले, काय पटले नाही आणि का

पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ‘डीएनए जागृती’, ‘सुप्त मेंदू जागृती’ अशा नावांची सशुल्क शिबिरे भरतात. अशाच एका संस्थेच्या शनिवार-रविवारच्या शिबिराला मी रीतसर नाव नोंदवून, पूर्ण शुल्क भरून उपस्थित राहिले. संस्थेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच मजकूर विकणारे अनेक जण आहेत आणि हे परीक्षण एखाद्या आयोजकाचे नसून त्या मजकुराचे आहे. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे गुणसूत्रे, जनुके आणि उत्क्रांती हे माझे रोजचे विषय आहेत. विद्यार्थ्यांचे पालक या शिबिरांविषयी मला वरचेवर विचारतात, आणि स्वतः न पाहता त्यांना मत देणे मला योग्य वाटत नव्हते.

आधी सेवेविषयी. शुल्क जीएसटी धरून माणशी ९,५०० रुपये होते. त्यात हॉटेलातील वातानुकूलित सभागृह, चहा-नाश्ता, दुपारचे जेवण, सत्तर पानांची रंगीत पुस्तिका, घरी ऐकण्यासाठी ध्वनिफीत आणि शेवटी प्रमाणपत्र एवढे मिळते. नोंदणी सुरळीत झाली, वेळा काटेकोर पाळल्या गेल्या, जेवण साधे आणि चवदार होते, स्वयंसेवक अदबीने वागत होते. मुख्य प्रशिक्षकांची वाणी स्वच्छ आणि शांत, आणि विषय फुलवून सांगण्याची हातोटी अशी की जेवणानंतरच्या सत्रातही कोणी पेंगताना दिसले नाही. सकाळचे संथ श्वसनाचे आणि शिथिलीकरणाचे सत्र तर मला मनापासून आवडले. त्या तासाभरात ज्यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखर उतरला अशी माणसे माझ्या शेजारीच बसली होती. मात्र त्यासाठी डीएनएचा आधार घेण्याची काहीच गरज नव्हती. संथ श्वसनाने मन आणि नाडी शांत होते हे पुरेसे कारण आहे, आणि ते कोणत्याही चांगल्या योगवर्गात याच्या कितीतरी कमी पैशांत शिकता येते.

उरलेला सगळा वेळ मेंदूची आणि डीएनएची उत्क्रांती या विषयाला दिलेला होता, आणि शुल्क खरे तर त्यासाठीच आकारले जाते. माझी मुख्य हरकत पुस्तिकेच्या मांडणीला आहे. तिच्यात तीन प्रकारची विधाने एकमेकांत मिसळलेली आहेत: काही पूर्णपणे सिद्ध झालेली, काही शास्त्रज्ञांमध्ये आजही प्रामाणिक वादाचा विषय असलेली, आणि काही निराधार. तिन्ही एकाच टायपात, एकाच ठामपणे छापलेली आहेत आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रकारच्या विधानाचा हात धरूनच तिसऱ्या प्रकारचे विधान आत शिरते. ज्याने हा विषय शिकलेला नाही त्याला खरे कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते हे कळण्याची सोयच ठेवलेली नाही.

याचा सर्वांत ठळक नमुना अकराव्या पानावर आहे. तेथे माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचे मोठे चित्र आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, आपल्या पेशीत ४६. आपल्या पूर्वजांतील दोन वेगळी गुणसूत्रे टोकाला टोक लावून जोडली गेली आणि त्यांचे एक झाले, असे चित्राखाली लिहिले आहे. हे अक्षरशः खरे आहे. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टेलोमिअर नावाचा भाग असतो आणि तेथे ‘टीटीएजीजीजी’ ही सहा अक्षरे पुन्हापुन्हा येतात. १९९१ मध्ये संशोधकांना मानवी दुसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या भागात नेमकी हीच अक्षरमाला सापडली, आणि एका जागेपासून पुढे ती उलट्या दिशेने वाचावी लागते असेही दिसले. दोन टोके समोरासमोर येऊन चिकटली असतील तर जे दिसायला हवे तेच तेथे आहे. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक सेंट्रोमिअर असतो, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जेथे धरून ओढले जाते तो भाग. या गुणसूत्रावर चालू सेंट्रोमिअरखेरीज दुसऱ्या, बंद पडलेल्या सेंट्रोमिअरचे अवशेषही आहेत.

इथपर्यंत पान अकरा कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल. लगेच पुढचे वाक्य मात्र असे आहे की, अशी जोडणी निसर्गात आपोआप होऊ शकत नाही, त्यामुळे ती सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वी परग्रहावरून आलेल्या प्रगत जीवांनी घडवून आणली. हे वाक्य दोन ठिकाणी तपासून पाहता येते आणि दोन्ही ठिकाणी ते कोसळते. पहिले, गुणसूत्रे जोडली जाणे ही निसर्गातली नेहमीची घटना आहे. आजही सुमारे हजारात एका व्यक्तीच्या शरीरात दोन गुणसूत्रे जोडली गेल्याने एकूण संख्या ४५ असते. यांतील पुष्कळ माणसे निरोगी आयुष्य जगतात आणि वारंवार गर्भपात झाल्यावर केलेल्या तपासणीतच त्यांना हे कळते. आपल्या सह्याद्रीच्या रानात राहणाऱ्या भेकराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. भेकराच्या मादीच्या पेशीत फक्त ६ आणि नराच्या पेशीत ७ गुणसूत्रे असतात, तर चीनमधल्या त्याच्या जवळच्या नातलगाच्या पेशीत ४६. एकामागून एक गुणसूत्रे जुळत गेल्यामुळे हा फरक पडला, आणि तरीही भेकर हे हरणांच्याच कुळातले एक साधे हरीण राहिले. गुणसूत्रांच्या जोडणीतून बुद्धीची झेप निघत असती, तर ती आधी तेथे दिसायला हवी होती.

दुसरी तपासणी काळाची आहे. सायबेरियातील डेनिसोवा गुहेत सापडलेल्या बोटाच्या इवल्याशा हाडातून २०१० मध्ये डेनिसोवन या नामशेष मानवाचा जनुकसंच मिळाला. २०१२ मध्ये तो अधिक बारकाईने वाचला गेला तेव्हा ही जोडणी त्यांच्यातही झालेली होती असे स्पष्ट झाले. त्यांची शाखा आपल्यापासून निदान चार-पाच लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. म्हणजे जोडणी त्याआधीची आहे, आणि अडीच लाख वर्षांपूर्वी ती कोणी येऊन करण्याचा प्रश्नच उरत नाही. मी प्रश्नोत्तरांत हे विचारले. उत्तर मिळाले की ते जीव त्याआधीही एकदा येऊन गेले असावेत. एखाद्या कल्पनेसमोर कोणताही पुरावा ठेवला तरी ती स्वतःला अशी वळवून घेत असेल, तर ती चूक आहे की बरोबर हे ठरवण्याचा मार्गच बंद होतो, आणि मग तिला विज्ञान म्हणून विकणे गैर आहे.

या परग्रहवासीयांच्या कथेला प्राचीन इराकमधील सुमेरियन लोकांच्या मातीच्या पाट्यांचा आधार असल्याचे शिबिरात सांगितले जाते. देवांनी दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींवर राबवण्यासाठी माणूस निर्माण केला, ही त्या पाट्यांवरची गोष्ट म्हणून १९७० च्या दशकापासून प्रसृत झालेली कल्पना आहे. कीलाक्षर लिपीचे अभ्यासक तसे वाचन मान्य करत नाहीत, आणि ते लेखनच फार तर पाच हजार वर्षांपलीकडचे आहे. कवट्या काय सांगतात हे पाहणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील, २०१७ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासानुसार सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या अवशेषांत चेहऱ्याची ठेवण बरीचशी आपल्यासारखी आहे, पण मेंदूची पेटी लांबट आणि बसकी आहे. आजच्यासारखा गोलाकार मेंदू त्यानंतर फार सावकाश, एक लाख ते पस्तीस हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान कधीतरी पूर्णत्वाला आला. एका दिवसात कोणी बसवलेली वस्तू अशी टप्प्याटप्प्याने घडत नाही.

‘झोपलेला डीएनए’ हे प्रकरण शिबिराचा कणा आहे, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे. पुस्तिका म्हणते की आपल्या डीएनएचा फक्त दोन टक्के भाग जागा आहे आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत दैवी क्षमता सुप्त आहेत. दोन टक्के हा आकडा ढोबळमानाने बरोबर आहे, पण तो प्रथिने बनवण्याच्या थेट सूचना असलेल्या भागाचा आहे. उरलेल्या भागाचे काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे आणि तो पुस्तिकेतल्या दैवी क्षमतांपेक्षा कितीतरी रंजक आहे. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७२ मध्ये या भागातील बऱ्याचशा डीएनएला ‘अडगळ’ म्हटले. २०१२ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने ८० टक्के डीएनएमध्ये काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते असे जाहीर केले आणि ‘अडगळ’ ही कल्पना संपली अशा बातम्या झळकल्या. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी कडक टीका केली की हालचाल दिसणे आणि उपयोग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ मध्ये सस्तन प्राण्यांच्या तुलनेतून आलेला एक अंदाज असा की, नैसर्गिक निवडीने जपून ठेवलेला भाग ८ टक्क्यांच्या आसपास असावा.

या वादात एक साधी कसोटी वापरली जाते आणि तिच्यात कांदा येतो. आपल्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत, कांद्याच्या जनुकसंचात सुमारे सोळा अब्ज. प्रथिनांच्या सूचना नसलेला डीएनए म्हणजे साठवलेली क्षमता असेल, तर स्वयंपाकघरातल्या टोपलीतील कांद्याकडे आपल्याहून पाचपट क्षमता मानावी लागेल. मी हा मुद्दा आमच्या वर्गात मांडते तेव्हा मुले लगेच वही काढून लिहून घेतात. शिबिरात तो मांडला तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी तो आकडा मला पुन्हा विचारून पुस्तिकेच्या समासात टिपून घेतला.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांत खरोखर काय आहे हे सांगितले असते तर श्रोत्यांना कितीतरी अधिक मिळाले असते. जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग हा आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरलेल्या प्राचीन विषाणूंचा अवशेष आहे. त्यांतील एका विषाणूचे जनुक आज गर्भवतीच्या शरीरात वार (प्लॅसेंटा) तयार होण्यासाठी वापरले जाते. मेंदूत स्मृती टिकण्यासाठी लागणारे ‘आर्क’ नावाचे जनुकही विषाणूंशी नाते सांगणाऱ्या अशाच एका, जनुकसंचात एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारणाऱ्या घटकातून आले, आणि त्याचे प्रथिन विषाणूच्या कवचासारखी पुडी करून एका चेतापेशीतून दुसऱ्या चेतापेशीत रेणू पोचवते, हे २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ही क्रिया त्या क्षणी चालू होती आणि तिच्याबद्दल एक शब्द उच्चारला गेला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटली.

‘बारा धाग्यांचा डीएनए’ हा दुसऱ्या सत्राचा विषय. दोन धागे शरीराचे आणि दहा आत्म्याचे, असे सांगून ते जागवण्याचे ध्यान करून घेतले जाते. ध्यान म्हणून ते निरुपद्रवी आहे, पण दावा रसायनशास्त्राचा असल्याने तो रसायनशास्त्रानेच तपासला पाहिजे. १९५३ च्या आरंभी लायनस पॉलिंग या थोर रसायनशास्त्रज्ञाने डीएनएला तीन धागे असल्याचे प्रतिपादन केले होते. रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांशी ते जुळले नाही आणि त्याच वर्षी वॉटसन आणि क्रिक यांचे दोन धाग्यांचे प्रारूप स्वीकारले गेले. पॉलिंग यांचे नाव मोठे असूनही तीन धागे टिकले नाहीत. उलट मानवी पेशीत काही ठिकाणी डीएनए चार पदरी गाठ मारतो हे चेन्नईत जन्मलेल्या शंकर बालसुब्रमण्यन यांच्या केंब्रिजमधील गटाने २०१३ मध्ये दाखवले, तेव्हा ते मान्य झाले, कारण त्या गाठी पेशीत कुठे आहेत ते त्यांनी रंगवून दाखवले होते. बाराव्या धाग्यासाठीही हीच अट आहे, आणि ती पूर्ण करण्याचा प्रयत्नसुद्धा कोणी केलेला नाही.

घरी न्यायची ध्वनिफीत ५२८ हर्ट्झ या एका स्वरावर बेतलेली आहे. हा स्वर डीएनएची दुरुस्ती करतो असे वेष्टनावर छापले आहे. शरीर बहुतांशी पाण्याचे असल्याने त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धरता येतो. म्हणजे या स्वराची एक लाट जवळजवळ तीन मीटर लांब होते. डीएनएच्या रेणूची रुंदी दोन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे पाच लाख भाग केले तर त्यांतला एक. एवढ्या लांब लाटेला एखादा रेणू वेगळा निवडून दुरुस्त करता येणे शक्य नाही. डीएनएची दुरुस्ती मात्र खरोखर होते. प्रत्येक पेशीत रोज हजारो बिघाड होतात आणि विशिष्ट प्रथिने ते शोधून नीट करतात. या कार्यपद्धती उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ध्वनिफीत कानाला गोड आहे, झोपण्यापूर्वी ऐकायला चांगली आहे. वेष्टनावरचा दावा मात्र काढून टाकायला हवा.

आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो, हे विधानही पुस्तिकेत आहेच. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असून एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के भाग निकामी ठेवून एवढा खर्च करणारा अवयव लाखो वर्षांच्या निवडीत टिकला नसता, आणि अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूचा लहानसा तुकडा गेला तरी माणूस किती गमावतो हे अनेक घरांनी पाहिले आहे. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

रविवारी दुपारचे सत्र मला सर्वांत उपयुक्त वाटले, कारण तेथे निदान प्रश्न बरोबर होता: ‘लूसी’ या प्रसिद्ध जीवाश्मासारख्या ३२ लाख वर्षांपूर्वीच्या पूर्वजांच्या जातीत जो मेंदू ४०० ते ५०० घन सेंटीमीटरचा होता, तो आपल्यात सुमारे १३५० पर्यंत कशामुळे वाढला? प्रशिक्षकांनी चार उत्तरे मांडली आणि भ्रम निर्माण करणारी बुरशी खाल्ल्याने पूर्वजांचा मेंदू वाढला, हे उत्तर त्यांना सर्वांत जवळचे वाटते असे सांगितले. ही चारही उत्तरे एकाच मापाची नाहीत. शिजवलेल्या अन्नामुळे पचनाचा खर्च वाचला आणि मेंदूला ऊर्जा मिळाली, ही रिचर्ड रँगम यांची मांडणी गंभीरपणे घेतली जाते. तिच्यासमोरचा आक्षेपही गंभीर आहे, कारण दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत आगीचा भक्कम पुरावा सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीचा आहे, तर मेंदूची वाढ त्याच्या बरीच आधी सुरू झालेली दिसते. आतडे लहान झाले म्हणून मेंदू मोठा होऊ शकला, हे लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांचे १९९५ मधील गृहीतक. ते तपासता येण्याजोगे होते, म्हणून तपासले गेले, आणि २०११ मध्ये शंभर सस्तन जातींच्या अभ्यासात तसा व्यस्त संबंध आढळला नाही. पाण्याकाठच्या जगण्यातून माणूस घडला हा ॲलिस्टर हार्डी यांचा १९६० मधील विचार बहुतेक मानवशास्त्रज्ञांनी नाकारला आहे. तरी तो मांडणारा माणूस सागरी जीवशास्त्रज्ञ होता आणि त्याने तपासता येतील अशी निरीक्षणे पुढे ठेवली होती, हे मला मान्य करावेसे वाटते. भ्रम निर्माण करणाऱ्या बुरशीच्या कल्पनेत मात्र एका माणसाला आलेला अनुभव त्याच्या मुलांच्या जनुकांत कसा उतरला याचे उत्तरच नाही. आणि मेंदूचा आकार म्हणजेच बुद्धी, हे चारही उत्तरांमागचे गृहीतही निर्विवाद नाही: इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरील बुटक्या मानवाचा मेंदू केवळ ४०० घन सेंटीमीटरच्या आसपास होता आणि त्याच थरांत दगडी हत्यारेही सापडली आहेत.

मेंदूच्या उत्क्रांतीवरील कोणत्याही कार्यक्रमात ज्याचा उल्लेख यायलाच हवा, तो डीएनएचा एक छोटा तुकडा पुस्तिकेत कुठेही नाही. कॅथरीन पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शोधलेला हा तुकडा फक्त ११८ अक्षरांचा आहे. कोंबडी आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वीचे, तरी त्या दोघांत या तुकड्यातील केवळ २ अक्षरे वेगळी आहेत. चिंपांझी आणि माणूस यांचे मार्ग सहा-सात दशलक्ष वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि तेवढ्यात १८ अक्षरे बदलली. हा तुकडा प्रथिन बनवत नाही. म्हणजे पुस्तिकेच्या हिशेबाने तो ‘झोपलेल्या’ अठ्ठ्याण्णव टक्क्यांतला आहे. तरीही गर्भाच्या मेंदूचे थर रचले जात असताना तो नेमक्या पेशींत कामाला लागलेला असतो. त्याला जागवण्यासाठी कोणालाही शुल्क भरावे लागलेले नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे परीक्षण लिहायचे ठरवले त्याविषयी. रविवारी प्रश्नोत्तरांत एक तरुण आई उठली. “सर, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, अजून पूर्ण वाक्य बोलत नाही. काही करता येईल का?” असे तिने विचारले. प्रशिक्षक अत्यंत मायेने म्हणाले, “ताई, काळजी करू नका. त्याचं भाषेचं जनुक बंद आहे, ते उघडता येतं. तुम्ही दोघं पुढच्या स्तराला या.” पुढच्या स्तराचे शुल्क २८,००० रुपये आहे.

भाषेचे जनुक म्हणून पुस्तिकेत ज्याचे नाव दिले आहे, त्या ‘फॉक्सपी२’ ची हकीकत खरोखर सांगण्याजोगी आहे. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील जवळजवळ निम्म्या व्यक्तींना उच्चारांची आणि वाक्यरचनेची गंभीर अडचण होती. २००१ मध्ये त्यामागे या जनुकातील एका अक्षराचा बिघाड असल्याचे सिद्ध झाले. २००२ मध्ये असे मांडले गेले की माणसाच्या या प्रथिनात दोन बदल अलीकडेच घडले आणि त्यांतून भाषा आली. २००७ मध्ये तेच दोन बदल निएंडरथल या नामशेष मानवातही सापडले, आणि २०१८ मध्ये अधिक लोकसमूहांचा डीएनए तपासल्यावर अलीकडच्या तीव्र निवडीची खूणही मिळाली नाही. शास्त्रज्ञांनी स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष अशा रीतीने मागे घेतला. एका जनुकाने भाषा उघडते असे आज या विषयातला कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही, आणि ध्यानाने ते उघडते असे तर कोणीच म्हणणार नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलाची आधी श्रवणतपासणी आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञांकडून पाहणी व्हायला हवी, आणि त्यात उशीर झाला तर वाया गेलेला प्रत्येक महिना मोलाचा असतो. चहाच्या वेळी मी त्या ताईंना गाठून हे सांगितले आणि शासकीय रुग्णालयांतही ही सोय असते हे लिहून दिले.

विचारांनी जनुके बदलतात, या दाव्यासाठी शिबिरात १९४४-४५ च्या हिवाळ्यातील नेदरलँड्समधील उपासमारीचा दाखला दिला जातो. तो दाखला खरा आहे. त्या काळात गर्भात असलेल्या व्यक्तींच्या एका जनुकावरील रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्यात जनुकातील अक्षरे बदललेली नाहीत, आणि कारण होते गर्भकाळातील महिनोन्‌महिन्यांची उपासमार. त्यावरून पाच मिनिटांच्या संकल्पाने डीएनए पालटतो असे म्हणणे त्या उपाशी मातांवरही अन्याय करणारे आहे असे मला वाटते.

अशा शिबिरांना गर्दी का होते हेही पाहिले पाहिजे. २०१८ च्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना त्याविरुद्ध निवेदन काढावे लागले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. शाळेत जो विषय नीट भेटत नाही त्याची भूक कुठेतरी भागवली जाणारच. सभागृहातील माणसे भाबडी नव्हती. त्यांचे प्रश्न चांगले होते आणि त्यांना चांगली उत्तरे मिळायला हवी होती.

ज्यांना या विषयाची खरी ओढ आहे त्यांनी पुण्यातच येरवड्याला डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय आधी पाहावे, असे मी सुचवेन. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच नेवाशात प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. त्यांतल्या हातकुऱ्हाडींच्या दोन्ही बाजू सारख्या घडवलेल्या असतात, आणि घडवणाऱ्याच्या मनात आकार आधी ठरलेला होता हे पाहताक्षणी जाणवते. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा येथे ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटीही अशाच एका मनाची आहे. मेंदूच्या उत्क्रांतीचा पुरावा आपल्या इतक्या जवळ आहे.

आयोजकांना मी पान ११, ध्वनिफितीचे वेष्टन आणि भाषेच्या जनुकाचा परिच्छेद यांबाबत दुरुस्त्या लिहून पाठवल्या आहेत. पत्र पोचल्याचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. दहा टक्के मेंदूचे वाक्य पुढच्या आवृत्तीत तपासू असे त्यात म्हटले आहे, बाकी मुद्द्यांवर काही नाही. पहिल्या स्तराचे शुल्क शिबिराच्या सात दिवस आधी रद्द केल्यास निम्मे परत मिळते. पुढच्या स्तराचे मुळीच परत मिळत नाही, आणि ही अट अर्जाच्या मागच्या बाजूला शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत छापलेली आहे. ज्यांना तेथेच सही करण्याचा आग्रह होईल त्यांनी अर्ज घरी नेऊन वाचण्याची मुभा मागून घ्यावी; मी मागितली तेव्हा ती मिळाली.